सुनेचा कोट

गाय माझी. तिच्या आईला मी या घरात आणलं, तिला मी माझ्या हातांनी ओढून बाहेर काढलं, तिच्या आईनं चाटायच्या आधी तिचं नाक मी पुसलं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदणी हे नावही मीच ठेवलं. आणि तीच गाय आता मी बादली घेऊन बसले की दूध चोरते. माझ्याकडे मान वळवून बघते, जणू मी दारावर आलेली कुणी परकी बाई.

चांदणीचं वासरू उन्हाळ्याच्या तोंडाला गेलं. ओढा आटला होता, हिरवा चारा नव्हता, वासराला ढाळ लागले आणि ते उठलंच नाही. तेव्हापासून गाय पान्हा सोडेना. कास भरलेली, सड ताठ, पण दूध वर चढवलेलं. मी पेंड पुढं ठेवली, पाठ खाजवली, शिव्या दिल्या. काही नाही. मग एका सकाळी सून बसली. अंगात तो गोठ्यातला कोट, माझ्या मुलाचा जुना कोट कापून बेताचा केलेला, डोक्याला फडकं. तिनं गायीच्या कुशीला कपाळ टेकवलं आणि हळूहळू काहीतरी पुटपुटायला लागली. काय पुटपुटत होती देव जाणे. पण बादलीत धार वाजायला लागली.

तेव्हापासून दोन्ही वेळची धार तिची.

"बरं झालं," आमचा म्हातारा म्हणाला. "गायीशी तरी बोलते कुणी."

"म्हणजे काय? या घरात बोलत नाही कुणी?"

"तू बोलतेस की," म्हातारा म्हणाला आणि विळा घेऊन बाहेर गेला. या माणसाची हीच खोड. दगड मारायचा आणि पळायचं.

मी बोलते, हे खरं आहे. बोलावं लागतं. म्हाताऱ्याला सांगितल्याशिवाय दोर वळत नाही. मुलगा खडीच्या मशीनवर कामाला, दिवसभर तो आवाज ऐकून घरी येतो आणि भिंतीसारखा बसतो. सून लग्न होऊन आली तेव्हाच मी ओळखलं, हिच्या तोंडात दोनच शब्द आहेत. "हो, आई." पाणी आणलंस? हो, आई. शेण काढलंस? हो, आई. तक्रार नाही, उलट उत्तर नाही. मी दुकानदारिणीला अभिमानानं सांगायची, माझ्या सुनेचा आवाज शेजारी ऐकायला जात नाही.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. मी तिला दवाखान्यात नेली, माझ्या गुडघ्यांची पर्वा न करता. नर्सबाईनं तिला विचारलं, "कुठं दुखतं?"

"डाव्या बाजूला," मी सांगितलं. "कपाळाच्या वर."

"कधी दुखतं?"

"उन्हातून आली की. आणि झाडताना वाकली की."

"झोप लागते का?"

"चांगली लागते. घोरते."

नर्सबाईनं माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. "मी यांना विचारतेय," म्हणाली.

"तिला काय विचारता? तिला सांगता येत नाही. मला विचारा."

नर्सबाईनं गोळ्या दिल्या. बाई तशी गरीब, पण डोळे बारीक. काही दिवसांनी ती आमच्या दारात हजर. मी खाट पुढं केली. ती म्हणाली, दवाखान्यानं नवं काम काढलंय. गावात एकट्या राहणाऱ्या, कुठं न जाणाऱ्या बाया आहेत. त्यांच्याकडे आठवड्यातून एक दुपार कुणीतरी जाऊन बसायचं. औषध द्यायचं नाही, काम करायचं नाही, पगार नाही. नुसतं बसायचं आणि बोलायचं. सोबत.

"ओढ्यापलीकडची शिंपीण आहे ना, तिच्यासाठी माणूस हवंय."

शिंपिणीला मी नावानं नाही, घरानं ओळखत होते. नवरा गेल्यापासून ती दार लावून बसली होती. आधी सगळ्या गावाचे कपडे शिवायची. मग लोक बाजारातून तयार कपडे आणायला लागले, तिचे पाय सुजायला लागले आणि हळूहळू ती गावाला दिसेनाशी झाली. मेली की जिवंत, कुणी विचारायचं नाही.

"मी जाते," मी म्हणाले. "बोलायचंच काम असेल तर माझ्यासारखी तुम्हाला कोण मिळणार?"

नर्सबाई हसली. "तुम्ही गेलात तर हे घर कसं चालायचं? सुनेला द्या."

घर माझ्यामुळं चालतं हे तिनं मान्य केलं म्हणून मी पुढं काही बोलले नाही. शिवाय दुकानदारिणीनं तिची मुलगी असल्याच कामाला दिली होती आणि गावभर सांगत सुटली होती. म्हटलं, आमच्या घराचंही नाव होऊ दे. "न्या तिला," मी म्हणाले. "पण ही काय बोलणार? ती बिचारी बाई अजूनच एकटी पडायची."

पहिल्या बुधवारी सून गेली ती मान खाली घालून. आली तीही तशीच. मी विचारलं, "काय म्हणाली शिंपीण?"

"काही नाही, आई."

"मग दुपारभर काय केलंत?"

"बसलो."

ठीक. मला वाटलं होतं तसंच झालं. पण तीन-चार बुधवार गेले आणि पोरीच्या चालण्यात फरक पडला. मंगळवारपासूनच तिच्या हाताला घाई. बुधवारी सकाळी शेण काढून, पाणी भरून, चुलीची राखसुद्धा मी सांगायच्या आधी काढलेली. परत आली की अंगाला मशीनच्या तेलाचा वास. बाहीला रंगीत दोऱ्याचा तुकडा. एकदा गोठ्यातल्या कोटाला आतून नवा खिसा दिसला, बारीक टीप घातलेला.

"हा कुणी शिवला?"

"मी. त्यांनी शिकवलं."

"आपल्याकडं सुई नव्हती का शिकायला?"

"हो, आई," ती म्हणाली. आता 'हो' म्हणजे होती की नव्हती, तिचं तिलाच माहीत.

डोकं दुखायचं थांबलं. मी गोळ्यांना दोष देत होते. म्हणजे श्रेय. पण गोळ्या तर फळीवर तशाच पडल्या होत्या.

एका बुधवारी मी स्वतः कळशी घेऊन ओढ्यात उतरले. ओढा कोरडा ठणठणीत, वाळूत खड्डा खणला की तळाला पाणी झिरपायचं. वाटीनं ते भरायचं, थांबायचं, परत भरायचं. हे काम सुनेचं. मी वर्षानुवर्षं उतरले नव्हते, उतरताना गुडघ्यांनी शंख केला. पण खड्ड्याच्या वर लगेच शिंपिणीचं परसदार. मला पाणी हवं होतं, दुसरं काही नाही.

वाटीत पाणी जमतंय तोवर वरून हसणं आलं. एक जाड, खोकल्यात अडकणारं, ते शिंपिणीचं. दुसरं ऐकून मी वाटी खाली ठेवली. माझी सून हसत होती. माझ्या घरात एवढी वर्षं खाल्लं, प्यायलं, झोपली, आणि हे हसणं तिनं कुठं ठेवलं होतं? मी तिला उपाशी ठेवली होती का? मारली होती का? आणि ओढ्यापलीकडच्या एका सुजल्या पायांच्या बाईला हे फुकटात मिळत होतं.

मग एक तिसरा आवाज ऐकू आला. नाकातून येणारा, चढा, भांडखोर. शब्द नीट कळेनात, शेवट तेवढा कळला, "...कळलं का!" लगेच पुन्हा दोघींचं हसणं. मी म्हटलं, ही कोण कजाग बाई आणून बसवलीय? माझ्या सुनेला तिथं आणखी कुणी दटावतंय? आणि ही हसतेय? मला कधी हसली नाही ती!

अर्धी कळशी घेऊन मी वर आले. त्या संध्याकाळी सूनबाईंना यायला उशीर झाला. चांदणी दावं ओढून हंबरायला लागली, कास तट्ट फुगलेली. दूधगाडी यायची वेळ. मी बसले. गायीनं पाय झाडला आणि बादली उलटी. पुन्हा बसले. दूध वर चढवलं. नुसती सडं ओढून माझी बोटं दुखली.

"तिचा कोट घाल," दारातून म्हातारा म्हणाला. "फडकं बांध. वासानं फसेल."

"मी सुनेचं सोंग घेऊ? माझ्याच गायीपुढं?"

"गाय कुठं हसणार आहे?"

तेवढ्यात सून धापा टाकत आली, कोट चढवला, बसली, पुटपुटली. धार लागली. मी गव्हाणीला टेकून उभी होते. माझ्याकडं ना गायीनं बघितलं, ना तिनं.

मी तिथंच ठरवलं, हे बंद करायचं. भांडून नाही. मी काही कजाग नाही. पुढच्या बुधवारी धान्य निवडायला काढलं. त्याच्या पुढच्या बुधवारी डोंगराच्या उतारावर झाडपाला आणायला मुलाबरोबर धाडली. चारा संपत आला होता, हे काही खोटं नव्हतं. खडीचा ट्रक सकाळी सोडायचा, अंधार पडताना आणायचा. मुलानं एक दिवस खाडा केला. सून ट्रकमध्ये चढताना ओढ्याकडं बघत होती.

"काय बघतेस?"

"त्यांना सांगितलं नाही मी."

"त्यांना काय सांगायचं? आपलं ढोर उपाशी मरतंय आणि मी त्यांची करमणूक करायला तुला धाडू? मी आहे म्हणून हे घर उभं आहे, कळलं का!"

"हो, आई," ती म्हणाली. ट्रक गेला.

दिवस कसा गेला विचारू नका. ऊन असं की जमिनीवर पाय ठेवला तर तळवा चिकटावा. दुपार कलली आणि चांदणी सुरू झाली. म्हातारा कुंपण दुरुस्त करायच्या निमित्तानं केव्हाच पसार. मी इकडं तिकडं बघितलं. कोणी नाही. खुंटीवरचा कोट काढला आणि अंगात घातला.

माझ्या सुनेची अंगकाठी म्हणजे झाडूची काडी. मी बाळंतपणं झालेली बाई. एक हात गेला, दुसरा घुसवला, पाठीत कापड ताणून दोरीसारखं झालं. डोक्याला तिचं फडकं बांधलं. गोठ्यात अंधार. बसले, गायीच्या कुशीला कपाळ टेकवलं, सून टेकवते तसं. गाय हुंगली. पाय झाडला नाही. पण दूधही सोडलं नाही.

तिला पुटपुटणं हवं होतं. पण मी काय पुटपुटू? जन्मात पुटपुटले नाही. जे बोलायचं ते खणखणीत बोलले. "सोड गं बाई," मी हळू म्हणायला गेले तर तेही हुकूम केल्यासारखं निघालं. गायीनं कातडी थरथरवली.

तेवढ्यात मागं काठीचा आवाज आला.

"आत आहेस होय!" दारात कुणी धापा टाकत होतं. "उठू नकोस. उठू नकोस गं, धार मोडेल. मी उभीच बरी. बसले तर उठवायला दोन माणसं लागतील."

ते जाड, खोकल्यात अडकणारं बोलणं मी ओळखलं. शिंपीण. ओढा उतरून, चढून, त्या पायांनी आमच्या गोठ्यापर्यंत आली होती. मी वळणार होते. चांगली झोडणार होते. पण माझ्या बोटांत काहीतरी गरम उतरलं. सड ओलं झालं. गाय तिच्या बोलण्यानं पान्हवत होती.

मी तोंड मिटलं.

"दोन बुधवार आली नाहीस," शिंपीण मागून म्हणाली. "मी म्हटलं माझ्याच तोंडून काही वाकडं गेलं. रात्रभर आठवत बसले. मग म्हटलं, हिला खरं सांगून टाकावं. रागावायचं तर पुरतं रागावू दे."

धार बादलीच्या तळाला वाजत होती.

"तुला वाटतं नर्सबाईनं तुला माझ्यासाठी धाडली. हो ना? माझ्याकडं येऊन ती वेगळंच म्हणाली. म्हणाली, ओढ्यापलीकडं एक मुलगी आहे. घर भरलेलं आहे, मारझोड नाही, उपासमार नाही. पण तिच्या वतीनं सगळं दुसरंच कुणी बोलतं. डोकं कुठं दुखतं तेसुद्धा तिला सांगू देत नाहीत. तुमच्याकडं येऊन बसू दे, बोलेल. मी म्हटलं, बाई, मला कुणी नको, माझं दार बंद बरं. तर म्हणते, तुमच्यासाठी नाही हो, तिच्यासाठी. म्हणून मी कडी काढली."

माझ्या कानात रक्त चढलं. हात चालूच. थांबले असते तर गायीनं दूध आखडलं असतं आणि गाडीला रिकामी बादली दाखवायची वेळ आली असती. सुनेचं दुखणं म्हणजे मी, असं दवाखान्यात ठरलं होतं. आणि मी त्या नर्सबाईपुढं खाट टाकली होती, चहा दिला होता!

"तू माझ्यावर उपकार करायला यायचीस, मी तुझ्यावर करायला बसायचे," शिंपीण हसली, खोकली. "आणि आता बघ. दोन बुधवार गेले तर मशीनला तेल घातलं, सुई बदलली, दार सताड उघडं टाकून बसले. रस्त्यानं जाणारी म्हैससुद्धा चालली असती बोलायला. शेवटी काठी शोधली. ओढा केव्हा ओलांडला होता मला आठवतही नाही. खाली उतरले तेव्हा वाटलं, इथंच बसते आता. पण म्हटलं, ती पोर रोज उतरते पाण्याला."

ती थोडी थांबली. गायीनं शेपटी हलवली. बोल बाई, मी मनात म्हणाले. मला ऐकायचं नव्हतं, आणि ती थांबावी असंही वाटत नव्हतं. अर्धी बादली बाकी होती.

"आणि तुझ्या सासूची नक्कल ऐकल्याशिवाय माझा आठवडा पुरा होत नाही गं. तो नाकातला आवाज! मी आहे म्हणून हे घर उभं आहे, कळलं का!" तिनं करून दाखवलं. वाईट केलं. पण ओढ्यात ऐकलेली ती कजाग बाई मला तिथं, गायीच्या कुशीत कपाळ खुपसलेलं असताना, लख्ख भेटली. "एकदा बघायचंय मला त्या बाईला. तू म्हणतेस ना, भीती वाटते तिची, पण ती बाजाराला गेली की घर बधिर होतं, भांडीसुद्धा वाजत नाहीत म्हणून. अशी सासू मला असती तर..."

मी दुसऱ्या सडाकडं हात लांबवला आणि कोट काखेत टर्रकन फाटला.

"कोट फाटला वाटतं. घेऊन ये, शिवून देते." काठी वळली. "बोलत नाहीस. रागावलीस. बरं. राग उतरला की ये. नाही आलीस तर मी येते, आता वाट माहीत झालीय."

काठीचा आवाज दूर गेला तेव्हा बादली काठोकाठ भरली होती आणि माझं तोंड घामानं, की कशानं, भिजलं होतं. गोठ्यात उकडतंच फार.

अंधार पडताना सून आली. हात काट्यांनी ओरबाडलेले, केसांत पाला. आधी गोठ्यात डोकावली. "धार राहिली असेल ना?"

"काढली."

"कुणी?"

"मी. गाय माझी आहे."

तिनं विसळलेली बादली बघितली, चांदणीची मऊ पडलेली कास हातानं चाचपली. तिच्या तोंडावरून काहीतरी सरकून गेलं. मी ते बरोबर ओळखलं. कितीतरी दिवस माझ्याच पोटात होतं ते. तिला आवडलं नव्हतं, गायीनं दुसऱ्या कुणाला दूध दिलेलं. मला जरा बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

जेवताना ती समोर होती आणि ते सगळं माझ्या जिभेवर होतं. एका वाक्याचं काम. अगं, तू कुणाची सोबत नाहीस, तूच दुखणाईत आहेस त्यांच्या लेखी, गावभर तुझी कीव चाललीय. एवढं म्हटलं असतं की बुधवार संपले. तिनं शरमेनं परत ओढा ओलांडला नसता. दोन-तीनदा घास खाली ठेवून मी तोंड उघडलं. पाणी दे, म्हणाले. मीठ दे, म्हणाले. असं काही सांगायचं तर आधी त्या शिंपिणीच्या तोंडावर सांगावं, मागून बोलणं आमच्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचं काम उरकलं. मुलगा खडीला गेला, सून पाल्याच्या फांद्या सोलत बसली. मी तो फाटका कोट काखेत मारला आणि ओढ्यात उतरले. भांडायलाच निघाले होते मी. तुमच्या सोबतीला आमचा रामराम, आमच्या घरातल्या माणसांचं आम्ही बघू, असं सगळं मनात जुळवलेलं होतं.

शिंपिणीचं दार उघडं. ती मशीनपुढं पाठमोरी बसलेली. उंबऱ्यालगत एक चेपलेली कळशी कलंडून पाणी वाहत होतं. या दिवसांत! माझ्यानं राहवेना.

"पाणी असं सांडतं का कुणी? लोक इथं वाटी वाटी भरतायत! उचला ती कळशी, कळलं का!"

शिंपिणीची पाठ एकदम ताठ झाली. मग खांदे हलायला लागले. हसता हसता तिला खोकला लागला, मशीनला धरून ती वळली.

"या," म्हणाली, "या सासूबाई. किती दिवस वाट बघतेय."

इतकं करून ठेवलं होतं पोरीनं. मला ओळख सांगायची गरजच ठेवली नव्हती तिनं. मी कळशी सरळ केली आणि कोट तिच्या मांडीवर टाकला. "शिवायचाय."

तिनं काखेतली फाट उलगडली, बोटानं काठ बघितले. शिवणाऱ्या बाईची बोटं. मग माझ्या खांद्यांकडं बघितलं. परत कोटाकडं.

"हा तिच्या अंगावर फाटायचा नाही," ती हळू म्हणाली.

मी भिंतीकडं बघितलं.

"म्हणजे काल..." तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई. सगळं ऐकलंत? मग एका शब्दानं हटकलं का नाही मला?"

"गाय पान्हवली होती," मी म्हणाले. "बोलता येत नव्हतं."

ती सुईत दोरा ओवत होती आणि दोरा जात नव्हता. मी तिच्या हातातून घेऊन ओवून दिला. डोळे माझे अजून चांगले आहेत.

"तिला सांगितलंत?" तिनं विचारलं. आवाज बारीक झाला होता. "तिला कशासाठी धाडलं ते? कळलं तर यायची नाही ती."

हीच वेळ होती. रामराम घालायची. पण समोर ती सताड उघडं टाकलेलं दार, तेल घातलेलं मशीन आणि शिवायला माझा एक फाटका कोट. मी सांगितलं, "ती उपकार करतेय असं तिला वाटतं. वाटू दे. तेवढीच ऐट तिला आहे. तुम्हीही तोंड बंद ठेवा." तिनं डोळे पुसले ते मला आवडलं नाही, म्हणून मी लगेच पुढं म्हणाले, "आणि नक्कल ती चुकीची करते. मी नाकातून बोलत नाही."

"नाही हो," ती म्हणाली. पण ओठ दाबून.

"नक्कल मलाही येते. ती माझी करते, मी तिची करून दाखवते. बघा आता."

मी पुढं सरसावले. तिच्यासारखी मान खाली घातली, खांदे आत ओढले, अगदी तीच. शिंपिणीनं हातातलं काम थांबवलं, हसायच्या तयारीत. मी तोंड उघडलं.

"हो, आई," मी म्हणाले.

शिंपीण वाट बघत होती. मी आठवायला लागले. पाणी भरतानाचं, झाडतानाचं, जेवतानाचं, आजारपणातलं. पुढचं काहीच येईना. एवढी वर्षं एका छपराखाली, आणि माझ्याजवळ तिचे दोनच शब्द. त्या बाईकडं तिचं गाठोडंभर होतं.

"छान केलंत," शिंपीण म्हणाली. हसली नाही. तिनं मान खाली घालून टीप मारली. मशीनचा आवाज होता म्हणून बरं.

संध्याकाळी सून कोट चढवून गोठ्यात गेली. काखेत हात घालून शिवण बघितली, काही विचारलं नाही. टीप कुणाची ते तिला कळलं असणार. मी घरातला पाट उचलला, गोठ्याच्या दाराशी टाकला आणि बसले. ती दचकली. गायीच्या कुशीला कपाळ टेकवलं, पण ओठ हलेनात. चांदणीनं पाय बदलला. दूध खाली येईना.

"तुझं चालू दे," मी म्हणाले. "गायीला रोज काय सांगतेस ते सांग. जरा मोठ्यानं सांग. मला हल्ली कमी ऐकू येतं."

माझे कान अजून तिखट आहेत. ओढ्याच्या तळातून परसातलं ऐकते मी. पण हे तिला सांगायची काय गरज?

मी तोंडाला जे कुलूप घातलं ते कसं घातलं माझं मला माहीत. दूधगाडीचा भोंगा वळणावर वाजला, तरी मी काही म्हणाले नाही.

"आज ना," अखेर ती गायीच्या पोटाला म्हणाली, "आई दाराशी येऊन बसल्यात. कशाला बसल्यात, काही कळत नाही बाई. बुधवारी जाऊ देणार की नाही, तेही कळत नाही."

सांगितलं गायीलाच. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. पण मोठ्यानं सांगितलं.

"देणार म्हणाव," मी गायीला म्हणाले.

आणि बादलीत धार वाजायला लागली.